दाखल्यावरची आई

आळंदच्या बाजारपेठेत आमचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, आधारमधली दुरुस्ती, वसतिगृहाचे अर्ज. नवरा झेरॉक्स मशीन सांभाळतो आणि मी संगणक. एखाद्याच्या कागदात काही अडलं की लोक सांगतात, त्या बाईकडं जा, ती करून देती. मला याचा गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. पण एक कागद माझ्या हातून दीड वर्ष झाला नव्हता, आणि तो माझ्याच घरचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, बिदर जिल्ह्यात संतपूरला दिलेली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिच्या पदरात मूल नव्हतं. तीनदा दिवस गेले आणि तीनदा राहिलं नाही. मला एक मुलगा होता. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी संतपूरला गेले होते, आणि तिच्या स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलता सोलता मीच म्हणाले, "अक्का, या खेपेला जे व्हईल ते तुझं." कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. नवऱ्यालाही मीच पटवलं. बोलताना मला वाटलं होतं की मी फार मोठ्या मनाची आहे.

मुलगी झाली. आम्ही लिंगायत. आमच्यात बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचं असतं. मठातले स्वामी येतात, बाळाच्या कपाळाला विभूती लावतात, आणि आईनं बाळाला मांडीवर घेऊन बसायचं असतं. बाराव्या दिवशी आमच्या अंगणात बाळाला मांडीवर घेऊन अक्का बसली. आळंदचे सोयरे, संतपूरचे सोयरे, सगळ्यांनी पाहिलं. आमच्या माणसांच्या लेखी तेवढ्यात सगळं झालं. चारचौघांसमोर, लिंगाच्या साक्षीनं जे झालं त्याला वर आणखी कागद कशाला, असं आमच्याकडं म्हातारी माणसंही म्हणतात आणि शिकलेलीही म्हणतात. दुसऱ्याला याच चुकीवरून दुकानात बसून शहाणपण शिकवणारी मीही तेव्हा गप्प बसले.

अक्का तीन महिने माझ्याकडं राहिली, मी अंगावर पाजावं म्हणून. मग ती बाळाला घेऊन संतपूरला गेली. पुढचे आठ दिवस मी छाती आवळून बांधली आणि दुकानात बसून लोकांचे अर्ज भरले. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही, एवढंच आठवतं की मी सगळ्यांवर खेकसत होते.

जन्माचा दाखला मात्र दवाखान्यातूनच निघाला होता. आईच्या रकान्यात माझं नाव, वडिलांच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं. बाळाचं अक्कानं ठेवलेलं नाव मी नंतर त्यावर चढवून घेतलं. रीतसर दत्तकपत्र नोंदवायचं राहिलं. अक्कानं तीनदा विचारलं. पहिल्यांदा मी म्हणाले सर्व्हर बंद आहे. दुसऱ्यांदा म्हणाले ह्यांना सवड नाही. तिसऱ्यांदा काय म्हणाले ते आठवत नाही, पण ते खोटंच होतं. नोंदणीचं ऑफिस माझ्या दुकानापासून पाच मिनिटांच्या चालण्यावर आहे.

यंदा दसऱ्यानंतर आमच्या धाकट्या भावानं बेंगळुरूला नवं घर घेतलं. घरभरणीला दोघी बहिणी या, बिदरहून विमानानं या, लेकराला रात्रभर रेल्वेत हाल नको, असं त्यानं सांगितलं. दाजींचं सोयाबीन काढणीला आलेलं, माझ्या मुलाची परीक्षा, तेव्हा निघणार होतो आम्ही दोघी आणि एकोणीस महिन्यांचं बाळ. तिकिटं काढायचं काम अर्थातच माझ्याकडं.

दोन वर्षांखालच्या लेकराला विमानात वेगळी जागा नसते. ते कुणातरी मोठ्या माणसाच्या मांडीवर जातं, आणि तिकीट काढतानाच सांगावं लागतं की कुणाच्या. पडद्यावर दोन नावं होती, अक्काचं आणि माझं. मी माझ्या नावापुढं खूण केली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, विचार करायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला नंतर बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे ते गिऱ्हाईक पान खायला बाहेर गेलेलं होतं आणि मला वेळच वेळ होता.

अक्काला फोनवर म्हणाले, "दाखल्यावर माझं नाव हाय. तितं इचारतील. उगं भानगड नको म्हनून मांडीचं लेकरू माझ्या तिकिटावर घातलेय."

ती म्हणाली, "बरं."

निघायच्या आदल्या दिवशी मी बसनं संतपूरला पोचले. बाळ दारातच होतं. मला ती 'माऊ' म्हणते, मावशीचं माऊ. आली, माझ्या पायाला मिठी मारली आणि लगेच आत पळाली, "अव्वा, माऊ आली" म्हणत. अव्वा म्हणजे आई, म्हणजे अक्का.

संध्याकाळी अक्कानं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. भाऊ बेंगळुरूला उपाशी राहतो असाच तिचा समज आहे. मग हात पुसून म्हणाली, "दाखला बगू."

तोपर्यंत तिनं तो पाहिलेला नव्हता. मी दिला. अक्का कन्नड शाळेत शिकलेली, तिला वाचायला कुणाची गरज नाही. तिनं बाळाचं नाव वाचलं, तारीख वाचली, आणि आईच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. मी चटणीच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा बसवत होते. तिनं दाखला परत दिला.

मग तिनं कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. "मीबी कागदं आनलेत," म्हणाली.

त्या पिशवीत काय नव्हतं! लिंग बांधायच्या दिवसाचा फोटो, मोठा करून आणलेला, अक्काच्या मांडीवर बाळ आणि शेजारी स्वामी. लसीकरणाचं कार्ड. अंगणवाडीच्या बाईंनी वहीच्या पानावर लिहून दिलेलं, की हे बाळ याच घरचं असून रोज अंगणवाडीत येतं. मठातल्या स्वामींनी कन्नडमध्ये लिहून दिलेला कागद, खाली मठाचा शिक्का. आणि एका फुलस्केप कागदावर संतपूरच्या सात माणसांच्या सह्या, दोन अंगठे, वर मजकूर, की आम्ही खालील सह्या करणार लिहून देतो की सदर लेकरू सदर बाईचं आहे आणि तिनंच ते वाढवलेलं आहे.

मी हसले. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा हसले. म्हणाले, "अक्का, इमानात बसायलाव का कोर्टात जायलाव?"

ती हसली नाही. "पोलीस म्हनले, लेकरू दाखल्यावरच्या आईकडं द्या, मग? मी काय दाखवू?"

"आगं, मी सोबत हाय की."

"म्हनूनच की," ती म्हणाली आणि पिशवी घडी घालून बॅगेत ठेवली. ती असं का म्हणाली हे मला कळूनही तेव्हा मी स्वतःला कळू दिलं नाही.

बिदरच्या लोकांना विमानाचं नवल नाही. डोक्यावरून हवाई दलाची सरावाची विमानं घोंघावत जाताना पाहतच तिथली पोरं मोठी होतात. पण आत बसायचं म्हटल्यावर अक्कानं नवी इरकल नेसली होती. दाजींनी आम्हाला जीपनं सोडलं, बाळाचा मुका घेतला आणि सोयाबीन वाट पाहत असल्यासारखे घाईनं निघून गेले. त्यांचे डोळे भरले होते, तीन दिवसांसाठी सुद्धा.

विमानतळाच्या दारावर एक जवान उभा होता. हिंदी बोलणारा, लांबच्या मुलखातला. त्यानं माझं आधार पाहिलं, तिकीट पाहिलं. तिकिटावर माझ्या नावाखाली बाळाचं नाव. बाळ अक्काच्या कडेवर. त्यानं सहज विचारलं, "बच्ची किसकी है?"

मी म्हणाले, "मेरी."

एवढंच. त्याच्या प्रश्नाला कागदाला धरून तेच उत्तर होतं. पण ते माझ्या तोंडून किती चटकन निघालं ते मला ऐकू आलं, आणि अक्कालाही आलं. तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या बाजूच्या. जवानानं "जाइए" म्हटलं. आम्ही आत गेलो. बाळ छताकडं बोट दाखवून "लाइट, लाइट" करत होतं.

सामान द्यायच्या काउंटरवर एक तरुण पोरगी होती, कन्नड बोलणारी, हसतमुख. लहान बाळाच्या वयाचा काही पुरावा आहे का, असं तिनं विचारलं. मी दाखला काढायच्या आत अक्कानं तिची पिशवी उघडली आणि सगळे कागद काउंटरवर मांडले. फोटो, कार्ड, अंगणवाडीचं पान, स्वामींचा कागद, सात सह्या, दोन अंगठे. मग माझ्या हातातून दाखला घेतला आणि तोही शेवटी ठेवला, सगळ्यांच्या खाली.

ती पोरगी गोंधळली. तिनं फोटो पाहिला, म्हणाली बाळ गोड दिसतंय. मग खालचा दाखला काढला, जन्मतारखेवर नजर टाकली, काहीतरी टाइप केलं आणि सगळेच कागद नीट जुळवून परत दिले.

अक्का हलेना. तिनं कन्नडमधून विचारलं, "आईचं नाव नाही बघितलंत?"

"त्याची गरज नसते अम्मा," ती म्हणाली. "बाळ दोन वर्षांखालचं आहे एवढंच बघायचं. आई असो, आजी असो, मावशी असो, सोबतच्या कुणाही मोठ्या माणसाच्या मांडीवर चालतं." आणि मग मदत करायच्या हेतूनं म्हणाली, "आता बाळ यांच्या नावाला जोडलंय. तुमच्या नावाला करू का? लगेच होतं."

लोकांना रोज सांगते मी, की आधी नियम वाचा. मी नियम वाचला होता. सगळं मला आधीपासून ठाऊक होतं.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला येतं. ती रागावली नव्हती. तिला कळलं होतं. तिनं त्या पोरीला सांगितलं, "असू दे. आहे तसं असू दे."

आम्ही जाऊन खुर्च्यांवर बसलो. बाळ अक्काच्या मांडीवर दशमीचा तुकडा चघळत होतं. मग ती समोर बघतच म्हणाली, "दाखल्याची अडचन नव्हती. मग कामून केलीस तसं?"

मी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. सिस्टीम अशी असते, आपोआप तसं होतं, असं काहीतरी. दीड वर्ष त्याच कमाईवर जगले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणाले, "मला एक तास हिची आई व्हायचं हुतं, अक्का. तिकिटावर का व्हईना. एक तास."

आणि मी रडायला लागले. चारचौघांत, पदर नसलेल्या ड्रेसवर, ओढणीनं नाक पुसत. मी असं रडत नाही. आई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते.

अक्कानं मला रडू दिलं. मग म्हणाली, "आन् मला काय वाटायलंतं सांगू? तुझा फोन आला की मी आदी लेकराला जवळ वढते, मग बोलते. दीड वरीस झालं. वाटतंय, आता म्हनती बग, अक्का, मला माझी लेक दे. तू कागुद करंनास, म्हनून मी लईच भ्याले. कुनाला सांगू? तुझ्या दाजींना सांगितलं तर ते जेवत न्हाईत."

मला वाटत होतं की देऊन माझंच रिकामं झालं. घेणाऱ्याच्या घरी रोज भीती जेवायला बसत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दत्तकपत्र लांबवताना मला वाटायचं, मी कुणाचं काय वाईट करतेय, बाळ तर तिच्याकडंच आहे ना. मला फक्त एक दार किलकिलं ठेवायचं होतं, कधी जायचं नव्हतं त्यातून. पण त्या दारातून गार वारा संतपूरच्या घरात जात होता तो मला कसा दिसणार.

"मी मागनार नव्हते," मी म्हणाले. "खरंच न्हाई."

"म्हाईत हाय गं. पर भ्या काय इचारून येतंय व्हय?" तिनं बाळाचं तोंड पुसलं. "आन् तुला वाटलंतं तर सांगायचंस की. मी न्हाई म्हनले असते?"

विमानात आमच्या जागा शेजारी शेजारी होत्या. हवाईसुंदरीनं बाळासाठीचा जादा पट्टा मला आणून दिला, कारण तिच्या यादीत तसं होतं. मी तो अक्कापुढं धरला. तिनं डोकं हलवलं. बाळाला उचललं, माझ्या मांडीवर बसवलं आणि स्वतःच्या हातानं पट्टा अडकवायला लागली. तिला तो जमेना. आम्ही दोघींनी मिळून लावला.

उडताना बाळाचे कान दुखले असावेत. ती किंचाळली, "अव्वा, अव्वा" करत अक्काकडं हात पसरले. पट्टा लावलेला, उठायची सोय नाही. अक्कानं आपला हात तिच्या तोंडाजवळ नेला, तिनं अक्काचं बोट घट्ट धरलं आणि तशीच माझ्या छातीवर डोकं टेकून झोपली. एक मूठ अक्काच्या बोटाभोवती, बाकीची सगळी माझ्याकडं. तिच्या डोक्याला तेलाचा आणि विभूतीचा वास होता. मी हललेसुद्धा नाही. माझा पाय बधीर झाला तरी हलले नाही. मी सुखात होते, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की अक्काचा हात अवघडलाय आणि तीही तो काढत नाहीये.

बेंगळुरूला चाकं टेकली तशी ती दचकून जागी झाली. वर बघितलं तर माझा चेहरा. एक क्षण तिला कळेना, मग ओठ बाहेर आले. मी पट्टा सोडला आणि तिला अक्काकडं दिलं.

सामानाची वाट बघत उभ्या असताना मी म्हणाले, "गावाकडं गेल्या गेल्या कागुद करू."

अक्का म्हणाली, "तुझ्या सवडीनं कर. आता मला भ्या न्हाई."

"मला हाय," मी म्हणाले. "लवकरच करू."

घरभरणीहून परतल्यावर आठ दिवसांनी अक्का आणि दाजी बाळाला घेऊन आळंदला आले. मजकूर मीच टाइप केला. दुसऱ्याचा करते तसाच केला, सावकाश, एकेक शब्द तपासत. मग आम्ही पाच मिनिटांचं ते अंतर चालत गेलो.

ऑफिसातले साहेब वयस्कर होते. त्यांनी सगळं वाचून दाखवलं. माझ्या नवऱ्याला विचारलं, राजीखुशीनं देताय ना? तो हो म्हणाला आणि त्यानं सही केली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही? आईची संमती लागते. स्वखुशीनं देताय?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी शेंगा सोलताना बोलले होते ते कुणी न विचारता. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. मागं रांग होती, कुणीतरी खाकरलं. दाजी जमिनीकडं बघत उभे होते आणि त्यांचा एक हात भिंतीला टेकलेला होता. माझ्या नवऱ्यानं माझ्या कोपराला हात लावला.

तेव्हा अक्का बोलली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं होतं. माझ्या एका शब्दावर तिचं सगळं अवलंबून होतं, आणि ती साहेबांना म्हणाली, "साहेब, घाई करू नका. तिचं लेकरू हाय. तिला दम घेऊ द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. मी पाणी प्यायले, जरा वेळ खिडकीबाहेर बघत उभी राहिले, आणि मग म्हणाले, "व्हय. देते."